जानेवारीचा रनिंग हिशोब: एचएमपीव्ही, वाहणारं नाक आणि घड्याळाचा स्कोअर

मंडळी, डिसेंबर-जानेवारीचा अपडेट एकदमच टाकतोय, मध्ये सगळ्यांचंच लक्ष उडालं होतं. ६ जानेवारी २०२५ ला बेंगळुरूच्या दोन तान्ह्या बाळांना एचएमपीव्ही हा श्वसनाचा व्हायरस झाल्याची बातमी आली आणि लगेच आपल्या जळगावच्या मेहरूण तलावावर पहाटेची गर्दी निम्मी, जे आले ते मास्क लावून, आणि आमचे आप्पा लांबूनच ओरडले, "काय रे भो, चीनना रोग आठे बी उना का?" व्हॉट्सॲपवर तर लॉकडाऊनची तारीखसुद्धा फिरायला लागली होती! अहो हा व्हायरस २००१ साली नेदरलँड्समध्ये ओळखला गेला, आणि फिरतोय त्याच्याही कितीतरी आधीपासून. थंडीतल्या सर्दी-खोकल्याच्या टोळीतलाच एक. लहान लेकरं, म्हातारी माणसं, दमेकरी यांना जपायचंच, लसही नाहीये त्याला, पण २०२० मध्ये कोरोना कोणाच्याच शरीराच्या ओळखीचा नव्हता, ती गोष्टच वेगळी.

आता माझं. शेतातली भरीत पार्टी झाली, गारठ्यात रात्री उशिरापर्यंत कळण्याची भाकरी आणि भरीत (जानेवारीत हे सोडणारा खान्देशी मी तरी पाहिला नाही), आणि नाक वाहायला लागलं. आईचं सुरू, "तुला तेच झालंय." ताप नव्हता, डॉक्टर म्हणाले टेस्टची गरज नाही. पण सकाळी अंथरुणातच मोजलेली पल्स, जी एरवी ५४-५५ असते, ती ६३! मला बातम्यांपेक्षा हा आकडा जास्त कामाचा वाटतो, कारण तो माझ्या शरीराचा आहे.

मी पाळतो तो नियम जुनाच आहे, त्रास गळ्याच्या वर असेल म्हणजे नाक, शिंका, तर हलकं जॉगिंग चालतं, तेही एकट्याने. छातीत खोकला, अंगदुखी किंवा ताप असेल तर बूट कपाटात. व्हायरल तापात जोर लावून पळालं की क्वचित का होईना हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, त्यामुळे इथे मर्दानगी दाखवू नका. आठवडाभर बसल्याने फिटनेस फारसा जात नाही, तो ओसरायला त्याहून जास्त दिवस लागतात.

मनगटावरच्या स्मार्ट घड्याळाला मात्र हे कोण सांगणार. व्हीओटू मॅक्स (पळताना शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचा आकडा) दोनने खाली आणि वर शेरा, "अनप्रॉडक्टिव्ह". ते बिचारं पेस (एका किलोमीटरला लागणारी मिनिटं) आणि हार्ट रेट यांच्यावरून अंदाज बांधतं, सर्दीने हार्ट रेट चढला की त्याला वाटतं गडी ढिला पडला. त्यात पहाटेच्या थंडीत मनगटाच्या कातडीतलं रक्त कमी होतं, मग सेन्सर कधीकधी पावलांचाच ठेका पकडतो आणि आरामात पळताना १७० दाखवतो. आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ च्या वर गेला की सगळ्यांचेच स्कोअर पडतात, म्हणून काय कोणाचे पाय गेले का?

म्हणून मी स्कोअर बघतच नाही. तलावाचा तोच चक्कर, तीच वेळ, हार्ट रेट १४० च्या आसपास धरून ठेवायचा आणि फक्त पेस बघायचा. नोव्हेंबरला किलोमीटरला ७:२० होता, सर्दीत ७:५५, आता परत ७:१०. शेजारच्याशी गप्पा मारत पळता येतंय का, हेही बघतो, आप्पांसोबत तर ते आपोआपच होतं, ते बोलायचं थांबतच नाहीत.

फेब्रुवारीत ऊन चढायच्या आत शिरसोली रोडला लांब रन काढायचा विचार आहे. कोण येणार ते सांगा, फक्त खोकत असाल तर पुढच्या रविवारी या. आणि कोणी हार्ट रेट मोजणारा छातीचा पट्टा वापरत असेल तर घामात तो घसरतो का तेवढं सांगा, घ्यायचा विचार चाललाय.