तुम्ही विचारलंत म्हणून: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिकची (जंतू मारणारी) गोळी का देत नाही?

“ताई, समोरचा मेडिकलवाला देतो, मग तुम्हालाच चिठ्ठी का लागते?” जळगाव जिल्ह्यात चोपड्याला मेडिकल दुकान टाकल्यापासून हे गिऱ्हाईकं विचारतात, भाऊबंद विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली बाईही विचारते. शिकलेली आहे म्हणून माज आहे, असंही मागून बोललं जातं. माज नाही. एकदा नीट सांगते.

कायदा आहेच: गोळ्यांच्या पट्टीवरची लाल रेघ, म्हणजे चिठ्ठीशिवाय नाही, आणि सेफिक्सिमसारखी अँटिबायोटिक्स 2014 पासून एच-वन या कडक नियमांच्या यादीत असल्यामुळे पेशंटच्या नावानिशी भरायचं रजिस्टर. पण मी इन्स्पेक्टरला घाबरून नाही म्हणते, असं कुणी समजू नये.

माझ्या आईला लघवीची जळजळ झाली की ती गावातल्या दुकानातून सिप्रो या अँटिबायोटिकच्या गोळ्या आणायची. बरं वाटलं की उरलेल्या डब्यात, पुढच्या वेळेसाठी. मी ओरडले की म्हणायची, “माले काई हुयेल नही.” एका उन्हाळ्यात तिला हुडहुडी भरून ताप आला, कमरेत कळा, पोटात पाणी ठरेना. जळगावला अ‍ॅडमिट केलं. लघवीचा कल्चर रिपोर्ट, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून त्याच्यावर औषधं तपासलेला, आला तो मी कॉरिडॉरमध्ये उभ्यानेच वाचला. जंतू ई. कोलाय, आपल्या सगळ्यांच्या आतड्यात असतो तोच. खाली औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे एक अक्षर: एस म्हणजे लागू पडेल, आर म्हणजे जंतू दाद देणार नाही. अमॉक्सिसिलिन आर. सेफिक्सिम आर. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आर. सिप्रो आर, त्याचंच भावंड लेव्हो आर. अमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्या घराण्यातलं, सेफिक्सिम आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन सेफॅलोस्पोरिनच्या; ही दोन्ही घराणी जंतूला त्याची भिंत बांधू देत नाहीत. या जंतूकडे त्या दोन्हींना तोडणारं एन्झाइम होतं. सिप्रोचा मार निराळा, जंतूच्या डीएनएच्या कामावर. तोही त्याने पचवला होता.

नायट्रोफ्युरँटॉइनपुढे एस होतं. भाऊ म्हणाला, “गोळी आहे, स्वस्त आहे, हीच द्या ना!” त्याला समजावताना माझाच आवाज फुटला. ते औषध लघवीत उतरतं, मूत्राशयापुरतं चांगलं. किडनीच्या मांसात पुरेसं पोचत नाही, आणि आईचं इन्फेक्शन किडनीत चढलं होतं. शेवटी मेरोपेनेम हे राखून वापरायचं अँटिबायोटिक, दर आठ तासांनी शिरेतून. हातावर शीर मिळेना, नर्स तळहाताची पाठ थोपटत बसायची. आई बरी झाली. मेरोपेनेमपुढेही आर असतं, तर पुढे कोलिस्टिनसारखी औषधं उरतात, आणि कोलिस्टिन किडनीलाच इजा करू शकतं.

पुन्हा पुन्हा तीच औषधं मारली की जंतू असे दाद देईनासे होतात; कपाशीवाल्यांना हे नवीन नाही. बीटी बियाण्याच्या कपाशीवर बोंडअळी मरायची. जी दाद देत नव्हती तीच उरली, तीच वाढली, आणि 2017 साली गुलाबी बोंडअळीने काय केलं ते तुम्ही पाहिलंत.

फार्मसी करून आले तेव्हा वाटायचं, चिठ्ठीचा नियम पाळला की झालं. आता तसं म्हणवत नाही. साध्या सर्दीला अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहिलेली चिठ्ठी रोज येते. सर्दी व्हायरसची, त्या गोळीचा तिथे काही उपयोग नाही. मग चिठ्ठी असूनही काय साधलं? आणि सातपुड्याच्या पाड्यावरून बाप तापलेलं पोर खांद्यावर घेऊन येतो, ओपीडी बंद झालेली, त्याची मजुरी बुडालेली. त्याला मी लाल रेघ दाखवू? लहान मुलाच्या न्यूमोनियात वेळेवर दिलेलं अमॉक्सिसिलिन जीव वाचवतं, हे मला शिकवलंय. मी पोराचा श्वास बघते. छाती आत ओढली जात असेल तर 108 ला फोन करते, नसेल तर पॅरासिटामॉल देऊन सकाळी सरकारी दवाखान्यात जायला सांगते. काही जण जातात. काही समोरच्या दुकानात जातात, आणि त्या रात्री मी बरोबर केलं की नाही हे मला छातीठोक सांगता येत नाही.

तरी चिठ्ठी मी मागणारच. आणि लघवीची जळजळ पुन्हा पुन्हा होत असेल, तर डॉक्टरांना कल्चरचं विचारा आणि नमुना पहिली गोळी घेण्याआधी द्या. गोळी पोटात गेल्यावर दिलेल्या नमुन्यात जंतू उगवेलच असं नाही, आणि मग कोणतं औषध लागू पडेल हे लॅबलाही सांगता येत नाही.