650 डॉलरमध्ये धनुष्याची शिकार : वेन जंगलाच्या तयारीची नोंदवही, जून ते नोव्हेंबर 2024

22 जून

मागच्या ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंडमध्ये, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याच्या प्रकारात, जगज्जेते झाले, त्याच आठवड्यात मी कंपाउंड धनुष्य पहिल्यांदा हातात घेतलं. मीही साताऱ्याचीच, त्यामुळे तो आनंद घरातलाच होता. वर्षभर क्लबच्या भाड्याच्या धनुष्यावर निशाणाचे कागद फोडले. आता ठरवलंय की या हंगामात इथे अमेरिकेत, ओहायोतल्या वेन या सार्वजनिक जंगलात, पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीला जायचं. सगळं मिळून 650 डॉलर. त्यापुढे एक डॉलर नाही.

आज वापरलेलं धनुष्य घेतलं, 220 डॉलरला. ओढ (दोरी ताणायला लागणारा जोर) 50 पौंडांवर आणून ठेवलीय. दोरी आणि केबल मात्र केसाळ झाल्या होत्या आणि कॅमजवळचं (टोकाच्या चाकाजवळचं) वेष्टण सुटत होतं. नव्या दोऱ्या बसवून घ्यायला 110 गेले. वापरलेलं धनुष्य घेणाऱ्यांनी हे 110 किमतीत आधीच धरावेत. दोरी ताणलेली असताना तुटली तर धनुष्य जातं आणि हात-डोळ्यांनाही धोका असतो.

रात्री आईला फोनवर सांगितलं. तिने आधी विचारलं, "अगं, तिकडे चालतं का असलं?" मी म्हटलं, "चालतं गं आई. आधी कोर्स, मग परवाना, ठरलेला हंगाम, ठरलेली संख्या." आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं. इकडे 1904 च्या सुमारास ओहायोत एकही रानटी हरीण उरलं नव्हतं. आज राज्याच्या 88 च्या 88 काउंट्यांमध्ये ती आहेत, आणि परवान्याच्या पैशांवर वन्यजीव खात्याचा बराचसा कारभार चालतो. गंमत म्हणजे त्याच 1972 साली इथे धनुष्यबाणावरचा कर वन्यजीवांच्या निधीला जोडला गेला. मी घेतलेल्या बाणांमधूनही थोडं तिकडे जातं.

आईने हे सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "आणि बाण लागून ते तसंच पळून गेलं तर?"

या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वहीच्या पहिल्या पानावर तो लिहून ठेवलाय.

10 जुलै

काटकसरीचा नियम ठरला. माझ्या अंगावरच्या, पोटातल्या आणि पाठीवरच्या गोष्टींत कितीही काटकसर करायची. बाण आणि हरीण यांच्या मधल्या गोष्टींत अजिबात नाही.

म्हणून छापील जंगली कपडे नाहीत. जुन्या कपड्यांच्या दुकानातून करड्या-हिरव्या लोकरीचा स्वेटर घेतला, 9 डॉलर. लोकर ओली झाली तरी ऊब धरते आणि फांदीला घासली तरी खसखसत नाही. गराज सेलमधलं तीन पायांचं स्टूल 18. सहा कार्बनचे बाण 60 आणि स्थिर पात्यांचे तीन ब्रॉडहेड (बाणाची धारदार शिकारी टोकं) 38. यात मी घासाघीस केली नाही.

मचाणाचा विचार सोडून दिला. वापरलेलं धनुष्य चालतं, पण ज्याच्यावर वीस फुटांवर बसायचं ते मचाण, पट्टे आणि हार्नेस दुसऱ्याने वापरलेलं घ्यायचं नाही हे माझं पक्कं मत आहे. नव्याला माझे पैसे पुरत नाहीत. म्हणून पहिल्या वर्षी जमिनीवरूनच. पडलेल्या ओंडक्याच्या आडोशाला स्टूल ठेवायचं.

निशाण म्हणून बासमतीच्या दोन रिकाम्या पोत्यांत जुन्या चिंध्या ठासून भरल्यात. घर गावाबाहेर आहे, मागे मोकळी जागा आणि टोकाला मातीचा बांध. उद्यापासून जमेल त्या दिवशी ऑफिसला जाण्याआधी एकच बाण. अंग आखडलेलं असताना, सराव न करता मारलेला. जंगलात मिळेल तर तोच एक मिळेल, म्हणून मोजायचाही तोच.

17 ऑगस्ट

वेन राष्ट्रीय वनाच्या अथेन्स भागात पहिली पायपीट. कोलंबसहून रूट 33 ने साधारण तासाभरात नेल्सनव्हिल. जाऊन-येऊन पेट्रोल 16 डॉलर. कोळसा काढून आणि झाडं तोडून झिजलेल्या जमिनी 1930 च्या दशकापासून सरकारने विकत घेत घेत हे वन उभं केलं. म्हणून ते सलग नाही, ठिगळांसारखं आहे. मधेच कुणाची खाजगी जमीन लागते, आणि ओहायोत खाजगी जमिनीवर शिकारीला मालकाची लेखी परवानगी लागते. जखमी हरीण कुंपणापलीकडे गेलं तर काय, हा आईचाच प्रश्न वेगळ्या तोंडाने पुढे येतो. म्हणून खाजगी हद्दीपासून निदान अर्धा मैल आतल्याच जागा बघायच्या.

नकाशावर पैसे खर्चू नका. सरकारी भूसर्वेक्षणाचे समोच्च रेषांचे नकाशे फुकट उतरवता येतात, वनखात्याचा गाड्यांच्या रस्त्यांचा नकाशाही फुकट. ज्यांनी सह्याद्रीत पायपीट केलीय त्यांना तर हे वाचायला शिकायचीही गरज नाही. धार, सोंड, खिंड, घळ हे शब्द इथे जसेच्या तसे लागू पडतात. उंची कमी आहे, दोन-तीनशे फुटांचे चढ, पण घडण तीच. हरीणही आपल्यासारखंच, उगाच चढत नाही. दोन घळींच्या माथ्यावर जिथे धार खाली वाकते, त्या खिंडीतून ते पलीकडे उतरतं.

नकाशावर सात खिंडी खुणावल्या होत्या, आज तीन पाहिल्या. दोन कोरड्या. तिसऱ्यात वाट होती, पानांत दाबलेली, हातभर रुंद, ताज्या लेंड्या. यंदा आग्नेय ओहायोत दुष्काळ भयंकर आहे. ओहोळ वाळून तळाचे दगड पांढरे पडलेत. तिसऱ्या खिंडीच्या खालच्या घळीत एका खडकाखाली मात्र परातीएवढं पाणी होतं आणि कडेच्या चिखलात इतके खूर उमटले होते की एकावर एक चढले होते. तिथे बराच वेळ उकिडवी बसून राहिले. लहान खूर, मोठे खूर, एक इतका खोल की मागची दोन बोटंही उमटलेली.

14 सप्टेंबर

ही तिसरी फेरी (मधली ऑगस्टअखेरची कोरडी गेली). व्हाइट ओकचे एकॉर्न (ओकची फळं) लवकर गळू लागलेत आणि आकाराने बारके आहेत. रेड ओकपेक्षा यात तुरटपणा कमी, म्हणून हरणं आधी याच झाडाखाली येतात. खिंडीच्या पूर्वेच्या सोंडेवर असे चार ओक एकत्र आहेत, खाली फुटलेल्या टरफलांचा सडा. जागा ठरली.

ब्रॉडहेडचा त्रास मात्र सुरू झालाय. साध्या टोकाचा बाण मधोमध जातो, ब्रॉडहेडचा 20 यार्डांवर पाच इंच डावीकडे. पोती पात्यांनी फाटली असती, पण शेजारच्या निवृत्त काकांनी त्यांचं जुनं फोमचं निशाण दिलं. त्यांनीच दाखवलं की साईट (नेम धरायची खूण) हलवायची नसते, रेस्ट (बाण टेकतो तो आधार) हलवायची. ब्रॉडहेड डावीकडे जात असेल तर रेस्ट अगदी केसभर उजवीकडे, मग तीन-तीन बाण, पुन्हा केसभर. चार संध्याकाळी लागल्या. शेवटच्या संध्याकाळी दोन्ही बाण एकमेकांना चिकटून फोममध्ये गेले आणि मी तिथेच टाळ्या वाजवल्या. याला खर्च शून्य. मात्र हे न करता जंगलात जाणं मला पटत नाही. पाच इंचांत फुप्फुस सुटतं आणि पोट लागतं.

परवाना काढला. रहिवाशांना 19 आणि हरणाचा परवाना 31, एकूण 50.

28 सप्टेंबर

धनुष्याच्या हंगामाचा पहिला दिवस, आणि मी घरी. हेलीन वादळाचे अवशेष कालपासून ओहायोवर आहेत. पाऊस हवाच होता, जंगलाला तर फारच. पण दुष्काळाने वाळलेल्या झाडांखाली असल्या वाऱ्यात बसायचं नाही. शिवाय पावसात रक्ताचा माग तासाभरात धुऊन जातो. पावसात बाण सोडायचा नाही, हेही वहीत पक्कं लिहिलं.

12 ऑक्टोबर

दसरा. सकाळी धनुष्याची पूजा केली. आपट्याची पानं नव्हती, दारातल्या मेपलची ठेवली. मग शिलंगणाला थेट नेल्सनव्हिल.

वाटेत गाडी थांबवून रस्त्याकडेच्या मिल्कवीडची बोंडं तोडली. ही आपल्या रुईच्या कुळातली. बोंड उकललं की आत तीच म्हातारी, लहानपणी फुंकर मारून जिच्यामागे पळायचो ती. वाऱ्याची दिशा बघायला दुकानात पावडरची बाटली मिळते, पण पावडर हातभर गेली की दिसेनाशी होते. म्हातारी चाळीस-पन्नास पावलांपर्यंत दिसत राहते आणि वारा पुढे कुठे वळतो तेही सांगते. काड्यापेटीत वीस-पंचवीस मावतात.

दुपारी तीनपासून ओकांच्या खालच्या अंगाला ओंडक्याआड बसले. वारा पश्चिमेचा, म्हातारी माझ्यापासून पूर्वेला, रिकाम्या उताराकडे तरंगत होती. साडेपाचला वरून दोन माद्या आणि एक पाडस उतरताना दिसलं. 60 यार्ड. 50. ती खाली न येता पूर्वेच्या घळीकडे वळली. सूर्य धारेमागे गेला होता. मी अजून एक म्हातारी सोडली. ती क्षणभर थांबल्यासारखी झाली, मग माझ्या गुडघ्याजवळून खाली, पाणी उतरतं तशी घळीत उतरू लागली आणि थेट माद्यांच्या दिशेने गेली. मोठीने मान वर केली, पाय आपटला, फुसकारा टाकला आणि तिन्ही पांढऱ्या शेपट्या उडत गेल्या.

सकाळी ऊन तापलं की उतारावरची हवा वर चढते, संध्याकाळी गार होऊन खाली वाहते, हे मला माहीत होतं. पण हरणाच्या नाकापर्यंत ती जाताना डोळ्यांनी आज पाहिलं. ही जागा सकाळची नाही आणि संध्याकाळचीही नाही, निदान खालून तरी नाही. संध्याकाळी बसायचं तर घळीच्या तळाशी, वाट जिथून वरच्या अंगाला राहील तिथे. सकाळी ओकांच्या वर, धारेच्या किंचित खाली.

19 ऑक्टोबर

दोन्ही नव्या जागा आखल्या. सकाळच्या जागेतून ओकांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यापर्यंत 17 यार्ड, मोजून. फांदी तोडली नाही, फक्त स्टूलखालची वाळकी पानं हाताने बाजूला केली, म्हणजे पाय हलला तरी आवाज नको. वाटेच्या कडेला एका खाली वाकलेल्या फांदीखाली नराने जमीन खरवडलेली होती. ओल्या मातीचा वास दहा पावलांवरून येत होता.

25 ऑक्टोबर

सकाळच्या एकेका बाणाचे 90 दिवस पुरे झाले. प्रत्येक अंतराला 30. निशाण म्हणजे जेवणाची कागदी थाळी.

20 यार्ड : 30 पैकी 30.
25 यार्ड : 30 पैकी 27.
30 यार्ड : 30 पैकी 19.

क्लबमध्ये सरावाच्या ओघात 30 वरून मी सहज थाळीत मारते. पण दिवसाचा पहिला बाण वेगळंच सांगतो. 27 हा आकडाही चांगला दिसतो, पण आईचा प्रश्न त्या उरलेल्या तिघांबद्दल आहे. म्हणून माझी मर्यादा 20 यार्ड. हरीण आडवं उभं असेल किंवा किंचित पाठ वळवून, तरच. समोरून आलं तर नाही, चालतं असलं तर नाही. यात कितीतरी संधी हुकतील, हे मान्य करून जातेय.

5 नोव्हेंबर

फेरी ठरली : शुक्रवार 8 ते सोमवार 11. सोमवारी व्हेटरन्स डेची सुट्टी आहे, त्यामुळे एकच रजा पडते. नर आता माद्यांमागे दिवसाउजेडी फिरू लागतात आणि बंदुकीचा मुख्य हंगाम 2 डिसेंबरला आहे, त्यामुळे जंगल अजून शांत आहे. मुक्काम जंगलातच, तंबू जुनाच, त्याला भाडं नाही.

आतापर्यंतचा हिशोब : सामान आणि परवाना 505, पाच फेऱ्यांचं पेट्रोल 80. उरले 65. या फेरीला पेट्रोल 16, बर्फ 6, बाकी खाण्याला 25. त्यातही दिवाळीचा फराळ उरलाय. चिवडा घरी ठेवतेय, कारण चावताना आणि पिशवीतून काढताना दोन्ही वेळा वाजतो. बेसनाचे लाडू आणि दशम्या मऊ कापडात बांधल्यात.

बाण लागल्यानंतरचं पान वेगळं लिहून पाकिटात ठेवलंय, कारण त्या क्षणी डोकं चालणार नाही. हरीण कुठल्या झाडाजवळ दिसेनासं झालं ते आधी मनात पक्कं करायचं. बाण शोधायचा. त्यावर गुलाबी फेसाळ रक्त असेल तर फुप्फुस, अर्धा तास थांबायचं. हिरवट, वास मारणारं काही असेल तर पोट, मग निदान आठ तास तिकडे फिरकायचं नाही. घाई केली तर ते उठून मैलभर जातं. रक्ताच्या प्रत्येक थेंबाशी टॉयलेट पेपरचा तुकडा ठेवत जायचं, मागे वळून पाहिलं की दिशा कळते. दोरीला बांधलेला कुत्रा घेऊन माग काढायला ओहायोत परवानगी आहे. शेजारच्या काकांच्या ओळखीत असा एक जण आहे, त्याचा नंबर कागदावर लिहून घेतलाय, फोन बंद पडला तरी हाताशी राहील.

हरणाची नोंद दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत करायची असते. दिवस उबदार राहिला तर मांस तासाभरात थंड करायला लागेल, म्हणून बर्फाच्या पिशव्या आधीच घ्यायच्या. कापणी घरीच. खाटकाकडे शंभरावर जातात आणि मला ते शिकायचंही आहे. 

7 नोव्हेंबर, रात्र

सगळं गाडीत भरलंय. स्वेटर दोन दिवस बाहेर दोरीवर टाकला होता, फोडणीचा वास गेलाय. सूर्योदय सातच्या सुमारास, त्याच्या अर्धा तास आधीपासून बाण सोडता येईल. खिंडीपर्यंत अंधारात पाऊण तास चाल, म्हणून साडेपाचला गाडी सोडायची आणि घरून चारला निघायचं.

मघाशी आईचा फोन आला होता. तिला वीस यार्डांचं सांगितलं. तिने विचारलं, "म्हणजे केवढं?" मी म्हटलं, "आपल्या अंगणातल्या तुळशीपासून गोठ्याच्या दारापर्यंत." ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तेवढ्यावरून दिसतं नीट."

काड्यापेटीत बावीस म्हाताऱ्या आहेत. वारा नैऋत्येचा, हलका.