आधी माणसं वेगळी केली

बडोद्याच्या दांडिया बाजारातला आमचा वाडा रिकामा केला तेव्हा आजोबांची ट्रंक माझ्या वाट्याला आली. आत 187 पत्रं, सगळी मोडी लिपीत. वर्षभरात देवनागरीत उतरवायची ठरवलं. तारखेप्रमाणे लावली, रोज दोन पानं असा हिशेब घातला आणि बसले.

महिन्याभरात काम अडलं. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरं लिहीत जायचं. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. एका पानाच्या तळाशी 'सुत घेऊन येणे' होतं. सुत म्हणजे मुलगा, असं धरून मी लिहिलं आणि दोन पानं भरली म्हणून वही मिटली. दुसऱ्या दिवशी पुढच्या पानावर पहिलीच ओळ: 'जानवी करावयाची आहेत.' मुलगा नव्हे, सूत! असं रोज मागे जावं लागायचं. त्यात आज पणजोबांचं अक्षर, उद्या त्यांच्या मेहुण्यांचं. डोळा कशालाच सरावेना.

आत्या 86 वर्षांची आहे, मोडी आजोबांकडून शिकलेली. म्हणाली, "अगं, पानं काय मोजतेस? आधी माणसं वेगळी कर. एकेकाचं वळण नजरेत बसू दे."

दोन रविवार आम्ही फक्त गठ्ठे लावले. मजकूर वाचायचाच नाही, मायना आणि शेवट तेवढा बघायचा. 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष', 'लोभ असावा हे विनंती' हे शब्द आधीच माहीत असतात, त्यामुळे हा माणूस 'न' कसा काढतो, 'ष्ट' कसा जोडतो हे तिथेच सापडतं. प्रत्येकाची अक्षरं मी वेगळ्या कागदावर उतरवून घेतली. पाच माणसं, पाच कागद.

आता एका बैठकीला एक पत्र, 'श्री'पासून 'हे विनंती'पर्यंत. कार्ड अर्ध्या तासात होतं. जमिनीच्या वादाच्या एका पत्राला मात्र चार संध्याकाळी लागल्या, कारण ते मुद्द्यामुद्द्याने तोडून घ्यावं लागलं.

सध्या पणजोबांचा गठ्ठा चालू आहे. काल शके 1860, माघ वद्यातलं पत्र लागलं. सयाजीराव महाराज 6 फेब्रुवारी 1939 ला मुंबईत वारले, त्याच आठवड्यातलं. चारच ओळी. 'घरी चूल पेटविली नाही' हे मी न अडखळता वाचलं.

आत्या म्हणाली, "पुन्हा वाच."