खान्देशच्या पाण्यात कॅमेरा: हतनूर, लाटीपाडा, तोरणमाळ

थंड देशांत तळी गोठली की मासेमारी करणारे बर्फाला वीतभर रुंदीचं भोक पाडतात, त्यातून गळ सोडतात आणि गळाशेजारी छोटा ॲक्शन कॅमेराही सोडतात. त्यांचे व्हिडिओ काचेसारखे स्वच्छ दिसतात. त्याचं श्रेय कॅमेऱ्याला कमी आणि बर्फाला जास्त. बर्फाखाली वारा लागत नाही, लाटा उठत नाहीत, तळाचा गाळ ढवळत नाही. बर्फ पडून ऊन अडलं की शेवाळही वाढत नाही. आपल्याकडे यातलं एकही फुकट मिळत नाही. खान्देशात मासा कॅमेऱ्यात पकडायचा तर आधी पाणी शोधावं लागतं. आमचा हा प्रवास त्या शोधाचाच होता, म्हणून देवळं, घाट, हॉटेलं यांच्याबद्दल इथे फारसं काही सापडणार नाही.

पाणी तपासायला महागडं काही लागत नाही. वीस सेंटीमीटर व्यासाची स्टीलची ताटली घ्यायची, तिचे चार भाग करून आलटून पालटून काळा-पांढरा रंग द्यायचा, मधे भोक पाडून दोरी ओवायची आणि खाली एक वजन बांधायचं. सावलीच्या बाजूने ती पाण्यात सोडायची. जिथे दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना जिथे पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी काढायची. सरासरी एक मीटरच्या आत आली तर मासा कॅमेऱ्याला नाक लावेपर्यंत दिसणार नाही, हे धरून चालायचं.

भुसावळजवळच्या हतनूर धरणात ताटली हातभर खोलीवरच गायब झाली. तापी आणि पूर्णा तिथे एकत्र येतात आणि पूर्णा अकोला-अमरावतीकडच्या काळ्या मातीतून वाहत येते. बारीक चिकणमाती महिनोन्‌महिने पाण्यात तरंगत राहते. एकेचाळीस दरवाजांचं हे धरण हिवाळ्यात पक्ष्यांसाठी अप्रतिम आहे, दुर्बीण घेऊन जरूर जा. पाण्याखाली मात्र इथे एकच युक्ती चालते. कॅमेरा तळाशी ठेवायच्या ऐवजी अर्ध्या मीटरवर लटकवायचा आणि त्याचं तोंड वर, आकाशाकडे करायचं. रंग, खवले काही दिसत नाही, पण उजेडावर माशाची काळी आकृती उमटते आणि जात ओळखण्यापुरती ती पुरते. दिवा लावून काही साधत नाही. कॅमेऱ्याजवळचा दिवा समोरच्या मातीच्या कणांवरच चमकतो आणि पडदा पांढरा होतो.

भुसावळहून जळगाव, धुळे, साक्री असा ५३ नंबरचा महामार्ग धरला. रस्त्याबद्दल एवढंच सांगतो की ट्रकमागे धूळ खात जाण्यापेक्षा पहाटे निघा.

पिंपळनेरजवळचं लाटीपाडा धरण पांझरेवर आहे. भोवती डोंगर आहेत आणि काठावर बऱ्याच ठिकाणी उघडा कातळ आहे. नोव्हेंबर संपता संपता पावसाळ्यातला गाळ तळाशी बसलेला असतो. ताटली इथे दोन मीटरच्या आसपास दिसत राहिली. पण तेही सगळीकडे नाही. वारा ज्या काठाकडे वाहतो तिथे शेवाळ, पाला आणि गढूळपणा गोळा होतो. कॅमेरा टाकायचा तो वारा जिकडून येतो त्या काठाला. आम्ही ओढा मिळतो त्या कोपऱ्यात सामान मांडत होतो, तेवढ्यात टायरच्या ट्यूबवर बसून जाळं काढणाऱ्या एका बाबांनी लांबूनच अहिराणीत हटकलं. "भाऊ, आठे गाळ शे. तठे दगडसमा टाका, मासा तठेच राहस." म्हणजे इथे गाळ आहे, तिकडे दगडांमध्ये टाका, मासा तिकडेच राहतो. ओढ्याच्या तोंडाशी गाळ असतो, तो माशाच्या नुसत्या शेपटीच्या हलण्यानेही उठतो. बाबांचं म्हणणं शब्दशः खरं होतं.

आता कॅमेरा पाण्यात धरून ठेवणाऱ्या सांगाड्याबद्दल सविस्तर सांगतो, कारण बहुतेक व्हिडिओ तिथेच बिघडतात. दोरीला नुसता बांधलेला कॅमेरा गोल गोल फिरतो. आमचा सांगाडा अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा आहे. साठ सेंटीमीटरचा आडवा दांडा, त्याच्या एका टोकाला कॅमेरा आणि दुसऱ्या टोकापाशी, नजरेच्या टप्प्यात, आमिष. खाली दहा मिलिमीटर सळईचे तीन पाय. पाइपला दर पाच सेंटीमीटरवर भोक पाडा. भोकं नसली तर पाइपात हवा कोंडते आणि सगळा सांगाडा तिरपा होऊन वर येतो. पांढरा पाइप पाण्यात उजेड परावर्तित करतो, म्हणून त्याला काळा, चमक नसलेला रंग द्या. मधोमध किलोभर वजन बांधा. दोरी चार मिलिमीटरची नायलॉनची, दर मीटरवर गाठ मारलेली. दुसरी बारीक दोरी थेट कॅमेऱ्याच्या पिंजऱ्याला बांधा, सांगाड्याला बांधू नका. कॅमेरा बसवायचा प्लास्टिकचा स्क्रू पाण्यात सैल होत जातो. त्याच्या जागी स्टीलचा बोल्ट आणि आत नायलॉनची कडी असलेला नट घातला की चिंता मिटते.

आमिष काचेपासून चाळीस ते पन्नास सेंटीमीटरवर हवं. या कॅमेऱ्यांचा फोकस ठरलेला असतो आणि तीस सेंटीमीटरच्या आत चित्र मऊ पडतं. सपाट काचेमुळे पाण्यात दृश्यही आक्रसतं. हवेत १२० अंश दिसतं, ते पाण्यात साधारण ८० अंशांवर येतं आणि मासा एक तृतीयांशाने मोठा भासतो. म्हणून मोड 'वाइड'च ठेवायचा. स्टॅबिलायझेशन, म्हणजे हादरे घालवणारी सोय, बंद, कारण सांगाडा हलत नाही आणि ते चालू ठेवलं की कडा कापल्या जातात, बॅटरीही जाते. वायफाय, आवाजी आदेश, बीप, पुढचा लाल दिवा, सगळं बंद. तो लाल ठिपका बाहेरच्या काचेवर उमटतो आणि चित्रभर लुकलुकत राहतो.

पाण्याखालचं दृश्य मोबाइलवर थेट बघायचं असेल तर एक अडचण आहे. वायफाय पाण्यात काही सेंटीमीटरच्या पुढे जात नाही. त्यावरचा उपाय स्वस्त आहे. बारीक कोॲक्सियल वायर (केबल टीव्हीला असते तशी, आत तार आणि भोवती जाळी असलेली) तीन मीटर घ्या. दोन्ही टोकांचं वरचं आवरण आणि जाळी ३१ मिलिमीटर सोला, आतलं प्लास्टिक तसंच राहू द्या. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची पाव लांबी तेवढीच असते. एक टोक कॅमेऱ्याच्या अँटेनाच्या बाजूला घट्ट चिकटवा, दुसरं पाण्याबाहेर फोनजवळ ठेवा. खालचं टोक जरा सुटलं आणि मधे पाण्याची फट पडली की चित्र गेलंच. वायफाय अर्थातच तेवढ्यापुरतं चालू करायचं, चौकट जुळली की बंद.

आमिषासाठी पाव किलो शेंगदाण्याची पेंड, शंभर ग्रॅम भाताचा कोंडा आणि मूठभर कणीक घट्ट मळायची. पेंड जास्त झाली की गोळा फुटतो आणि कॅमेऱ्यासमोर धुकं तयार होतं. लिंबाएवढे गोळे कांद्याच्या जाळीच्या पिशवीत घालून बांधले की हळूहळू झिरपतात. गळाचा आकडा आम्ही लावत नाही. धरणात मासेमारीचा ठेका सहसा एखाद्या सहकारी संस्थेकडे असतो. आधी त्यांना विचारा, आकडा नाही हे दाखवा, मग तेच चांगली जागा सांगतात.

वेळ साडेदहा ते साडेअकरा. त्याआधी ऊन तिरपं असतं आणि बराच उजेड पृष्ठभागावरूनच परततो. नंतर वारा सुटतो. सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीमागे हवा, समोर असला तर पाण्यातला कण अन् कण चमकतो. कॅमेरा टाकल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं फक्त बारकी मासळी येते. तेवढ्यात वर ओढून बघण्याचा मोह आवरा. प्रत्येक वेळी ओढलं की गाळ उठतो आणि मोठे मासे पुन्हा पहिल्यापासून लांब जातात.

आणि मग रोहू येतो. तो आमिषावर तुटून पडत नाही. आधी बाजूने एकदा जातो, परत फिरतो, अंग जरा खाली झुकवतो. खालच्या ओठाची झालर स्पष्ट दिसते. तोंड नळीसारखं पुढे येतं, पिशवीवरचा एक तुकडा आत जातो आणि त्याच क्षणी कल्ल्यांची झाकणं उघडून बाजूंनी भुशाचा ढग बाहेर पडतो. नको असलेला कण तोंडातून परत थुंकतो. ओढणं आणि थुंकणं दोन्ही डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. सेकंदाला तीस फ्रेमवर हे चार-पाच फ्रेमांत उरकतं आणि नुसती थरथर वाटते. सेकंदाला १२० फ्रेमवर ठेवलं की ओठ, कल्ला, भुसा सगळं वेगळं वेगळं दिसतं. मात्र त्याला उजेड भरपूर लागतो, म्हणून दोन मीटरच्या खाली ही सेटिंग वापरू नये.

आम्ही त्याच चौकटीत आकडा नसलेल्या दोरीवर कणकेची गोळी आणि वर नेहमीचं प्लास्टिकचं तरंड, म्हणजे मासा ओढतोय हे दाखवणारा तरंगता तुकडा, सोडलं होतं. रोहूने ती गोळी पुन्हा पुन्हा ओढून थुंकली. वर तरंड हललं नाही. काठावर बसलेल्या माणसाला वाटलं असतं, आज मासा नाही.

ट्यूबवाले बाबा बाहेर आल्यावर त्यांना फोनवर हा तुकडा दाखवला. ऊन होतं, त्यांनी गमछा डोक्यावरून पुढे ओढून फोनवर सावली केली आणि तो तुकडा न बोलता पाहिला. पुन्हा लावायला सांगितला. मग बोट तरंडावर ठेवून म्हणाले, "हाई जड शे." म्हणजे हे जड आहे. काठावरच्या शेतातून ज्वारीचं वाळकं ताट आणलं, वरचं साल सोलून आतल्या मऊ गाभ्याचा बोटभर तुकडा काढला, दोरीत टोचला. दुसऱ्या फेरीच्या चित्रीकरणात रोहूने गोळी ओढली की वर तो तुकडा तिरपा झालेला स्पष्ट दिसतो. आयुष्यभर जाळ्यात मासा बघितलेल्या माणसाने पहिल्यांदाच तो खाताना बघितला आणि पहिली गोष्ट कुठली केली, तर तरंड बदललं. संपूर्ण प्रवासात मला इतकं मोलाचं दुसरं काही मिळालं नाही. कॅमेरा पाण्यात सोडायचा तो अशासाठी.

कटला आणि मृगळ हवे असतील तर सांगाड्याची उंची बदलावी लागते. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं आणि तो वरच्या थरात खातो. मृगळ तळ चाळतो. रोहू मधे. एकाच उंचीवर ठेवून तिघांची वाट बघण्यात अर्थ नाही.

साक्री, नंदुरबार, प्रकाशा, शहादा आणि तिथून सातपायरी घाटाने तोरणमाळ. हिवाळ्यात सातपुड्याच्या या माथ्यावर आणि तिकडे डाब गावाच्या बाजूला दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात. खान्देशात बर्फाच्या इतकं जवळ दुसरं ठिकाण नाही, आणि बर्फावर मासेमारी करणाऱ्यांच्या दोन अडचणी इथे खरोखर भेटतात. पहिली काचेवरचं धुकं. रात्री खोलीत, शेकोटीशेजारच्या उबेत कॅमेऱ्याची जलरोधक केस बंद केली की आतली दमट हवा कोंडली जाते. सकाळी गार पाण्यात टाकली की तीच वाफ काचेवर आतून जमते. केस आदल्या दुपारी, कोरड्या उन्हाळलेल्या हवेत बंद करायची आणि आत सिलिका जेलची पट्टी ठेवायची. बंद करताना रबरी सीलवरून बोट फिरवा. डोक्याचा एक केस किंवा वाळूचा एक कण पुरतो पाणी आत यायला. दुसरी अडचण बॅटरी. गारठ्यात ती लवकर मान टाकते. जादा बॅटरी स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा, बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात नको. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावकडे याच्या बरोबर उलट होतं, पाण्याबाहेर दहा मिनिटांत कॅमेरा तापून बंद पडतो. तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळून न्यायचा आणि आधी पाण्यात बुडवून मग रेकॉर्डिंग चालू करायचं.

तोरणमाळच्या यशवंत तलावाचं पाणी सकाळी सुंदर होतं. टिकलं नाही. सहलीच्या गाड्या आल्या, गाड्यांवरचे भोंगे सुरू झाले, काठावरून कुरकुऱ्यांची पाकिटं पाण्यात गेली, पायऱ्यांवर भांडी घासली गेली. याचा मला मनापासून राग आहे. उथळ पाण्यात साबणाचा फेस आणि ढवळलेला चिखल निवळायला पुढची सकाळ लागते, आणि तोपर्यंत पुढच्या गाड्या हजर. जेवण मात्र छान मिळालं, घरगुती भाकरी आणि तिखट भाजी, आणि वाढणाऱ्या काकूंनी चुलीजवळ बसायला जागा दिली. चुलीपासून कॅमेरा लांब ठेवला, कारण वर सांगितलेलंच. तोरणमाळला सुटीच्या दिवशी आणि यात्रेच्या आसपास कॅमेरा घेऊन जाऊ नका. सोमवार ते गुरुवार, मुक्काम आदल्या रात्री, ऊन पाण्यावर येताच सांगाडा आत.

कार्डाचं गणित आधी करा. फोर-के शंभर मेगाबिट वेगाने नोंदवलं तर तासाला ४५ जीबी जातात, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड दीड तासही पुरत नाही, आणि त्याआधी बॅटरी संपते. लांब वेळ ठेवायचा असेल तर १०८०पी पुरेसं आहे. गढूळ पाण्यात फोर-के फक्त गाळच बारकाईने दाखवतं. हंगाम नोव्हेंबर अखेर ते जानेवारी. फेब्रुवारीपासून धरणांची पातळी उतरते, काठाचा चिखल उघडा पडतो, आणि गुरं पाण्यावर आली की दगडांतली जागासुद्धा निवळ राहत नाही.