तात्यांचं पाकीट: सांगली ते बामणोली, दोन फेऱ्या

तात्यांसोबत मी चार वर्षं गाडी चालवतोय. ते नात्यातले नाहीत, आमच्या गल्लीत त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. वय ५६, बुलेट, आणि रोज दोन वेळा इन्सुलिन. यातलं इन्सुलिन मला कळलं ते ऑगस्टमधल्या त्या रविवारी, यवतेश्वरच्या पुढे, रस्त्याच्या कडेला.

पहाटे साडेपाचला सांगलीहून कासमार्गे बामणोलीला निघालो. मी, माझा मेव्हणा आणि तात्या, तीन गाड्या. आष्टा, पेठ नाका आणि मग हायवे. पेठ नाक्यापासून साताऱ्यापर्यंत सहापदरीकरणाचं काम चालूच होतं. डायव्हर्जन, उखडलेला सर्व्हिस रोड, मध्येच उलट्या बाजूने येणारे डंपर. पाऊस असेल तर तासभर जास्तीचा धरूनच निघा. आम्ही धरला नव्हता. नाश्ता साताऱ्यात करायचा ठरला होता, पण पोचेपर्यंत नऊ वाजले. मेव्हणा म्हणाला, "दाजी, इथं थांबलो तर कासला गर्दी गाठेल, वरच खाऊ." तात्यांनी मान डोलावली. कंदी पेढ्यांचा अर्ध्या किलोचा बॉक्स तेवढा घेतला, तोही घरी न्यायला. घरून निघताना त्यांनी इन्सुलिन घेतलं होतं आणि पोटात होता एक कप चहा.

समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढलो. घाट छोटा आहे, पण पावसाळ्यात वळणांवर शेवाळ आणि समोर धुकं. आम्ही दोघं पुढे, तात्या मागे. कास तलावापाशी थांबून वाट बघत बसलो. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. फोनला रेंज कधी एक काडी, कधी तीही नाही. तात्या फोटो काढत असतील म्हणून आणखी एक चहा घेतला. त्या चहाचं मला अजून वाईट वाटतं.

मागे फिरलो तेव्हा पाच-सात किलोमीटरवर गर्दी दिसली. बुलेट आडवी आणि तात्या कठड्याला टेकून बसलेले, शर्ट घामाने चिंब, तोंडात काहीतरी चघळत. एका कारमधली मंडळी बाजूला उभी होती. त्यातला एकजण म्हणत होता, "सकाळी सकाळी ढोसून आलाय." तात्यांसमोर उकिडवा बसलेला दूधवाला, गाडीला रिकाम्या किटल्या लावलेला, त्याच्याकडे न बघताच म्हणाला, "आवं, दारूचा वास तरी येतोय का? माझ्या आईला असंच हुतंय, शुगर उतरली की."

त्यानेच पिशवीतला पेढ्यांचा बॉक्स फोडला होता.

त्याने नंतर जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. तात्यांनी गाडी कडेला घेतली, स्टँड लावायला गेले आणि गाडीसकट कलले. लागलं फार नाही, पण नाव विचारलं तर असंबद्ध बोलायला लागले. त्याने फोन बघितला, त्याला पॅटर्न लॉक. पाकीट बघितलं. त्यात पैसे, एटीएम कार्ड, देवीचा फोटो, किराणा दुकानाची पावती आणि एक व्हिजिटिंग कार्ड. कार्डावरचा नंबर त्याने तीनदा लावला. नुसती रिंग. लागणार कसा? कार्ड तात्यांच्या स्वतःच्या दुकानाचं होतं, नंबर लँडलाइनचा आणि वार रविवार. कुलूप लावलेल्या दुकानात फोन वाजत होता.

खाली साताऱ्यात एका डॉक्टरांकडे नेलं. पेढे पोटात जाऊनही शुगर ६८ भरली. ७० च्या खाली गेली की कमीच धरतात. डॉक्टरांनी आम्हा दोघांना तात्यांपेक्षा जास्त झापलं आणि एक गोष्ट शिकवली. पेढ्यात खवा असतो, स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. आधी साधी साखर, म्हणजे तीन चमचे पाण्यात विरघळवून, किंवा ग्लुकोज पावडर. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, फरक नसेल तर पुन्हा तेवढीच द्यायची. पेढा, भाकरी, बिस्कीट त्याच्यानंतर. आणि माणूस गिळू शकत नसेल, बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट १०८. त्या दिवशी बामणोली राहिली.

दुसरी फेरी सप्टेंबरच्या शेवटी मारली, मधल्या वारी, फुलं बघायला. कासला जाणाऱ्यांनी शनिवार-रविवार टाळावा, प्रवेशाचं बुकिंग आधी ऑनलाइन करावं, आणि साताऱ्यात पोटभर खाऊनच वर चढावं. पुढे बामणोलीचा उतार अरुंद आहे, पण खाली शिवसागरचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी दिसायला लागलं की गाडी आपोआप हळू होते. वासोटा किल्ल्याच्या बोटी इथूनच सुटतात. बामणोलीत आमच्या तिघांपैकी एकाच्याच सिमला रेंज होती. आपल्या सिमला रेंज नसली तरी तिथे दुसऱ्या कंपनीची असेल तर ११२ हा इमर्जन्सी नंबर लागू शकतो, हे लक्षात ठेवा. हायवेवर असाल तर १०३३ हाही मदतीचा नंबर आहे.

या वेळी तिघांच्याही खिशात कार्ड होतं, काय आजार आहे आणि काही झालं तर कुणाला फोन करायचा ते सांगणारं. ते करायला आम्हाला तीन प्रयत्न लागले.

पहिलं कार्ड मेव्हण्याने कंप्युटरवर केलं. इंग्रजीत, बारीक अक्षरात, सुबक. मी त्याला विचारलं, दूधवाल्याने हे वाचलं असतं का? दुसरं बॉलपेनने लिहिलं, ते पहिल्याच पावसात निळं पाणी झालं. तिसरं पेन्सिलीने लिहून लॅमिनेट केलं. पेन्सिल ओली झाली तरी पसरत नाही. एका बाजूला मराठी, ठळक, रस्त्यावरच्या माणसासाठी. तात्यांच्या कार्डावर आहे: "मला शुगर आहे, इन्सुलिन घेतो. घाम, बडबड, चक्कर दिसली तर साखरपाणी द्या. बेशुद्ध असेन तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा." त्याखाली दोन नंबर, नात्यासकट: बायको, मुलगा. मागच्या बाजूला डॉक्टरांसाठी इंग्रजीत औषधांची नावं, गोळीच्या पाकिटावर असतात तशी, डोससकट, आणि कशाची अ‍ॅलर्जी आहे ते. आधार नंबर कार्डावर लिहू नका, त्याचा तिथे काही उपयोग नाही.

सोबत गाडी चालवणाऱ्याचा नंबर पहिला लिहू नका. त्या दिवशी तात्यांच्या खिशात माझा नंबर असता तरी मी कासला रेंजबाहेर चहा पीत होतो. एक नंबर घरचा आणि एक दुसऱ्या गावातला.

कार्ड ठेवायचं कुठे, यावर आमचं बरंच वाजलं. डिकीत नको, गाडी एकीकडे आणि माणूस दुसरीकडे जाऊ शकतो. मेव्हण्याला हेल्मेटच्या आत हवं होतं. पण मानेला मार असेल तर हेल्मेट घाईने ओढून काढू नये, श्वास अडत असेल तरच, तेही दोघांनी मिळून, एकाने मान धरून. मग आतलं कार्ड वाचणार कोण? शेवटी जॅकेटच्या छातीच्या खिशात एक, आणि पाकिटात लायसन्सच्या मागे दुसरं. लायसन्स पोलीस बघतातच, आणि डिजिलॉकरमधलं लायसन्स लॉक झालेल्या फोनमध्येच राहतं.

फोनचीही सोय करून ठेवा. अँड्रॉइडमध्ये सेफ्टी अँड इमर्जन्सी, आयफोनमध्ये हेल्थ अ‍ॅपमधला मेडिकल आयडी. लॉक न उघडता इमर्जन्सी कॉलच्या बटणामागे माहिती दिसते. दवाखान्यातल्या माणसाला हे माहीत असतं, रस्त्यावरच्याला बहुधा नसतं. म्हणून तात्यांच्या लॉक स्क्रीनवर आता विठ्ठलाच्या फोटोखाली मुलाचा नंबर आहे.

हेल्मेटवर रक्तगट लिहायची फॅशन आहे. लिहा, पण दवाखाना स्वतः तपासल्याशिवाय रक्त चढवत नाही. अपवाद बॉम्बे रक्तगटाचा. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे यांनी तो शोधला. नेहमीच्या तपासणीत तो ओ सारखा दिसतो, पण त्या माणसाला ओ रक्त चालत नाही. तुमचा तो असेल तर मोठ्या अक्षरात लिहा. बाकीच्यांनी रक्तगटापेक्षा गोळ्यांकडे लक्ष द्यावं. दोन वर्षांपूर्वी मला स्टेंट बसलाय, रक्त पातळ करायची क्लोपिडोग्रेल रोज चालू आहे. डोक्याला मार लागला तर डॉक्टरांना पहिल्यांदा हेच कळायला हवं. तात्यांवर चिडताना माझ्या लक्षात आलं की हे मीही दोन वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि कुणी पडलेलं दिसलं तर थांबा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ अ आलंय. मदत करणाऱ्यावर त्याबद्दल खटला होत नाही, आणि नाव-गाव सांगायची सक्ती करता येत नाही. कारवाले नुसते उभे होते ते कदाचित पोलिसांच्या भीतीनेही असेल, इतका संशयाचा फायदा मी त्यांना देतो.

परत येताना साताऱ्यात कार्डाची परीक्षा घ्यायची ठरवली. टपरीवाल्या मामांचा फोन मागून घेतला आणि कार्डावरचा पहिला नंबर लावला, तात्यांच्या घरचा. काकूंनी दोनदा कट केला. तिसऱ्यांदा उचलला आणि आम्ही बोलायच्या आत म्हणाल्या, "आम्हाला लोन नको," आणि ठेवला. तात्या म्हणाले, आधी हिलाच एक कार्ड लिहून द्यायला पाहिजे. आता आम्ही गाडीवर असलो की काकू प्रत्येक अनोळखी नंबर उचलतात, आणि लोनवाल्यांनाही आधी विचारतात, "कुठून बोलताय, सगळं ठीक आहे ना?"