बाबत लिहिलीस का?

सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरते तेव्हा मी इथे युट्रेख्तमध्ये वर्षअखेरीचे हिशेब बंद करत बसलेलो असतो. यंदाचं सहावं वर्ष. नंदीध्वज संमती कट्ट्याकडे निघाले की आप्पा व्हिडिओ कॉल लावतात. एका स्क्रीनवर पांढऱ्या बाराबंदीतली गर्दी, दुसऱ्यावर नऊ देशांचे ताळेबंद. "तिकडं संक्रांतीला सुट्टी नसती का रे?" नसते. इथलं आमचं हिशेबाचं वर्ष ३१ डिसेंबरला संपतं आणि जानेवारीचे पहिले पंधरा दिवस आमच्या खात्यातली माणसं माणसांत नसतात.

आप्पा चाळीस वर्षं सुताच्या पेढीवर दिवाणजी होते. त्यामुळे मी करतो काय, हे घरात त्यांनाच समजतं. उपकंपन्या आपापले आकडे पाठवतात, ते एका सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करून समूहाचा एकच ताळेबंद काढायचा. नुसती बेरीज करून भागत नाही. काही नोंदी मुख्यालयाला वरून घालाव्या लागतात आणि त्या खालच्या कुठल्याच कंपनीच्या वहीत नसतात. सगळा घोळ तिथे सुरू होतो.

आप्पांना मी चादरीवरून सांगितलं. कारखान्याने १,००० रुपयांत पडलेली चादर आपल्याच मालकाच्या दुकानाला १,३००ला दिली. डिसेंबरअखेर ती दुकानातच पडून आहे. कारखाना म्हणतो ३०० नफा झाला. पण मालक एकच, या खिशातलं त्या खिशात गेलं, मग नफा कसला? म्हणून वरून नोंद घालायची: विकलेल्या मालाच्या खर्चाला ३०० नावे (डेबिट), मालसाठ्याला ३०० जमा (क्रेडिट, म्हणजे साठा तेवढा कमी). नफा उडाला, चादर परत हजाराची झाली.

आता जानेवारी उजाडतो. नफा-तोट्याची पाटी कोरी होते, पण दुकानाच्या वहीत चादर अजून १,३००चीच आहे. आपली नोंद तर त्या वहीत नव्हतीच. म्हणजे ती नव्या वर्षात पुन्हा घालायला हवी, आणि जशीच्या तशी नाही. खर्च मागच्या वर्षात जिरला, त्यामुळे आता मागच्या नफ्याच्या शिल्लकेला ३०० नावे आणि मालसाठ्याला ३०० जमा. चादर खरोखर गिऱ्हाइकाला विकली गेली की उलटी नोंद करून ते ३०० या वर्षीच्या नफ्यात सोडायचे. नोंद पुढे ओढली नाही, तर ऑडिटरने सही केलेली गेल्या वर्षीची अखेरची शिल्लक आणि यंदाची सुरुवातीची शिल्लक जुळत नाही.

"म्हंजे शिल्लक पुढं नेली," आप्पा म्हणाले. एवढंच ते. पण पेढीवर पान उलटलं की दिवाणजीचा हात आपोआप पुढे न्यायचा. सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. वीजबिलाची अंदाजी तरतूद असेल तर पुढच्या महिन्यात आपोआप उलटणारी नोंद निवडायची, कारण खरं बिल येणारच असतं. चादरीसारखी असेल तर पुढे चालणारी.

पहिल्या वर्षी मी इथेच माती खाल्ली. आमचे आकडे वर्षारंभापासूनच्या एकूण रकमेत येतात. मी नोंद फक्त जानेवारीत घातली आणि पुढे ओढण्याची खूण करायची विसरलो. फेब्रुवारीत नोंद नाही, म्हणजे एकूण शून्य, म्हणजे जानेवारीत घातलेलं या महिन्यात काढून घेतलं, असा सॉफ्टवेअरने अर्थ लावला. मालसाठा फुगला. आमच्या डच साहेबीण बाईंनी शांतपणे विचारलं, "वर्षाची सुरुवातीची शिल्लक फेब्रुवारीत बदलते कशी?" उत्तर नव्हतं. मार्चमध्ये मी इतका सावध झालो की पुढे चालणारी नोंद हातानेही परत घातली. ती दुप्पट झाली. (त्या आठवड्यात डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणीसुद्धा गोड लागली नाही.)

चलनाचा त्रास निराळाच. साठ्यातले रुपये अखेरच्या दराने युरोत येतात, मागचा नफा जुन्याच दराने राहतो, मधला फरक चलनफरकाच्या राखीव खात्यात जातो. त्यावर आप्पांनी सरळ विषय बदलला.

मला मात्र खरी भीती वाटते ती चुकून उलटलेल्या नोंदींची नाही, उगाच पुढे चालत राहिलेल्यांची. खालच्या कंपनीने आपल्या वहीत दुरुस्ती करून टाकलेली असते, वरची नोंद तरी दरवर्षी पुढे जातच असते. तिची चूक कुणाच्या डोळ्यांत येत नाही, कारण शिल्लक जुळते. यंदा अशीच एक सापडली. ११,२४० युरो. स्पष्टीकरणात, म्हणजे पेढीच्या भाषेत 'बाबत'मध्ये, दोनच शब्द: गेल्या वर्षीप्रमाणे. त्याआधीच्या वर्षीही तेच. घालणारा माणूस निवृत्त होऊन गेलेला.

आप्पांना सांगितलं. इथे दुपारचे साडेतीन, तिथे रात्रीचे आठ. "बाबत लिवल्याशिवाय मालक नोंदच करू देत नव्हता आम्हाला," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "आमच्या उचंत खात्यात, तात्पुरत्या रकमा ठेवायच्या खात्यात, पण एक होती की. तीनशे चाळीस रुपये. एक विणकर उचल घेऊन भिवंडीला गेला. दर पाडव्याला नव्या वहीत मीच उतरवायचो. बाबत : परत आल्यावर वळती करणे."

"बुडीत का नाही टाकली?"

"मालक म्हणायचा, येतंय ते."

"आला का मग?"

"कुठला येतोय. पेढीच बंद पडली."

ती ११,२४०ची नोंद मी यंदाही पुढे ओढली आहे. स्पष्टीकरणात लिहिलंय : कारण शोधणे चालू, जूनअखेर वळती करणे. खाली माझं नाव.