असीरगड १:१००० : कडा अखेर उभा राहिला

मंडळी, असीरगड किल्ल्याच्या माझ्या मॉडेलच्या पायाचे फोमचे थर चिकटवल्याचे फोटो टाकले त्याला तीन आठवडे झाले. तेव्हापासून मी एकाच जागी अडकलो होतो: माथ्याचा कातळकडा. काल रात्री साडेअकराला सुटला एकदाचा. आनंद मावत नाही म्हणून घाईत लिहितोय.

माझ्याकडच्या नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) २० मीटर उंचीच्या अंतराने आहेत, म्हणजे आपल्या प्रमाणात दर २ सेंटिमीटरला एक थर. माथ्याभोवतीचा कडा ८० ते १२० फुटांचा. मॉडेलवर तो जेमतेम अडीच ते साडेतीन सेंटिमीटर होतो आणि एक-दोन थरांतच संपतो. वर थरांच्या पायऱ्या बुजवायला मी पुट्टी ओढली आणि कड्याचा झाला उतार! शेळी सहज चढेल असा. असीरगड तसा असता तर १६०० च्या उन्हाळ्यापासून १६०१ च्या जानेवारीपर्यंत अकबराची फौज खाली का बसली असती? खानदेशचा सुलतान बहादूरखान फारुकी वर इतके महिने तग धरून राहिला त्यात त्या कड्याचा वाटा फार मोठा. तोच खोटा दिसत असेल तर बाकीचे बुरूज कितीही नेटके करा, काही उपयोग नाही.

पुट्टी खरवडून शाडू आणि कागदाचा लगदा लावला. आमच्या रावेरच्या उन्हाळ्यात तो दोन दिवसांत तडकला आणि फोमपासून पापुद्र्यासारखा सुटून आला. मग प्लास्टर ऑफ पॅरिस. ते उभं राहिलं, पण कोरल्यावर घराच्या गिलाव्यासारखं दिसायला लागलं. ऑनलाइन मागवलेल्या पातळ फोम शीटवर भरवसा होता, त्या धनुष्यासारख्या वाकून आल्या आणि परतही घेतल्या नाहीत. माझं मत आता पक्कं झालंय: शीट हातात धरून, डोळ्यासमोर आडवी करून बघितल्याशिवाय घेऊ नये.

उपाय सापडला लाकडाच्या वखारीत. बाभळीचा ओंडका पडला होता. त्याच्या सालीवरच्या उभ्या खोल भेगा बघितल्या आणि असीरच्या कड्यावरच्या चिराच समोर आल्या. वखारवाल्या काकांनी पोतंभर साल तशीच देऊन टाकली. साल गोल असते, म्हणून रात्रभर पाण्यात भिजवायची, दोन फरश्यांमध्ये दाबून सावलीत वाळवायची, मग एक दिवस कडक ऊन दाखवायचं, नाहीतर आतली कीड बाहेर येते. त्यानंतर ३ सेंटिमीटरच्या पट्ट्या. सांधा सरळ न ठेवता भेगेतच ठेवायचा, म्हणजे दिसत नाही. वर काळ्यात थोडा तपकिरी मिसळून पातळ हात, आणि कोरड्या ब्रशने राखाडी फक्त कडांवर. पश्चिमेचा सगळा भाग झालाय. दिव्याखाली आडवा उजेड टाकला तर भेगांत सावली पडते. अर्धा तास नुसता बघत बसलो होतो.

छोटी गोष्ट, पण सांगतोच: बहादूरखानाचा बाप राजा अलीखान, त्याने गडावर बांधलेल्या जामा मशिदीचे मिनार उदबत्तीच्या काड्यांचे केलेत. दोन्ही एकदम सरळ.

आता बेत बदलतोय. आपलं ठरलं होतं १८१९ चा इंग्रजांचा वेढा दाखवायचा. कडा उभा राहिल्यावर पेठेच्या, म्हणजे गडाखालच्या वस्तीच्या, जागेवरून माथ्याच्या तटाकडे दोरा ताणून बघितला, तर तो वाटेत खालच्या कोटाला टेकला. १८ मार्चला पेठ घेतल्यावर इंग्रज सेनापती डव्हटन आणि माल्कम यांच्या तोफा आधी खालच्या कोटावर का चालल्या, ते त्या दोऱ्याने मला दाखवलं. अकबराच्या वेळीही आधी हा खालचा कोट, म्हणजे मलयगडच पडला होता. अकबराचा दरबारी अबुल फजल रात्री स्वतः त्या चढाईत होता. म्हणजे दोन्ही वेढ्यांची किल्ली खालीच.

लिहितालिहिताच सुचलं, मलयगडाचा तुकडा सुटा करतो. एक १६००-०१ चा, एक १८१९ चा. वरचा गड तोच, खालचा बदलायचा. १८१९ च्या तुकड्यावर २१ मार्चला इंग्रजांच्या दारूगोळ्याचा स्फोट झाला ती जळलेली जागा हवीच, त्यात त्यांचे बरेच शिपाई गेले. किल्लेदार यशवंतराव लाडांनी ९ एप्रिलला गड खाली केला, तेव्हा देखावा त्याच्या आधीच्या आठवड्याचा धरतो.

त्यासाठी पाया मधून कापावा लागेल. जिगसॉ (विजेची छोटी करवत) मित्राकडून रविवारी आणतोय. वरच्या तलावांचं पाणी त्यानंतर.

एक मागणं आहे. बऱ्हाणपूर–खांडवा रस्त्यावरून सगळे एकाच बाजूचे फोटो काढतात. पूर्वेकडच्या कड्याचे, शक्यतो सकाळच्या उन्हातले, कुणाकडे असतील तर पाठवा. साल अजून अर्धं पोतं उरली आहे.